वाकायचं नाही, उचलायचं नाही

मी मुलींच्या शाळेत पीटीची बाई होते. रत्नागिरीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या बऱ्याच बायकांना मी उन्हात उभं केलेलं आहे. अजूनही बाजारात मी समोरून आले की त्यांतल्या काही जणी भाजीच्या पिशवीसकट पाठ ताठ करतात. निवृत्त झाल्यावर मी लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायला लागले, याचं त्यांच्यापैकी कुणालाच नवल वाटलं नाही.

सुरुवात एका जुन्या विद्यार्थिनीमुळेच झाली. तिच्या मुलीचं बाळंतपण मुंबईला व्हायचं होतं आणि घरी कापसाच्या बोळ्यासारखा एक पांढरा कुत्रा होता. ती संध्याकाळी माझ्याकडे आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही आमचा अख्खा वर्ग सांभाळलात. हा तर एकटाच आहे.”

“तुम्ही चावत नव्हता,” मी म्हटलं.

“तुमच्या गळ्यात शिट्टी असायची म्हणून.”

मी हो म्हटलं. मी लग्न केलेलं नाही, पेन्शन वेळेवर येते, आणि पहाटे उठायची सवय शाळा सुटली तरी सुटली नव्हती. उठून करायचं काय, हा प्रश्न होता. त्या पांढऱ्या बोळ्यानं तो सोडवला. मग एकीनं दुसरीला सांगितलं. कुणाला लग्नाला जायचं असे, कुणाला दवाखान्यात, कुणाला परदेशातल्या मुलाकडे. मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या घरी जायचे, खायला घालायचे, कुत्र्याला फिरवून आणायचे, मांजराशी दोन शब्द बोलायचे. मांजरं उत्तर देत नाहीत, पण मुलीही देत नसत.

मग भाट्याच्या किनाऱ्यावर मी पडले.

तो कुत्रा लॅब्रॅडोर जातीचा होता, तरणा, वासराएवढा. त्याच्या घरचे सगळे एका लग्नाला गेले होते. रोज मी त्याला वाळूवर फिरवायचे आणि तो मला फिरवायचा. त्या दिवशी एका बाईनं सुकटीची टोपली खाली ठेवून पदर सारखा केला, तेवढ्यात याला वास लागला. मी पट्टा सोडला नाही. पट्टा सोडायचा नसतो, हे मीच लोकांना सांगत असे. त्यानं मला काही अंतर पालथी ओढत नेलं आणि मग पट्टा आपोआप सुटला, कारण माझा खांदा सुटला होता. पोटभर सुकट खाऊन तो परत आला आणि माझ्या शेजारी बसला. सुकटवाली आधी टोपलीपाशी गेली, मग माझ्यापाशी आली. तिचंही बरोबर होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी खांदा बसवला आणि त्याच सपाट्यात गुडघ्यांचेही फोटो काढले. फोटो त्यांनी उजेडासमोर धरून पाहिले.

“जड उचलायचं नाही,” ते म्हणाले. “वाकायचं नाही. खाली जमिनीवर बसायचं नाही. ओढाताण तर अजिबात नाही.”

“मग करायचं काय?”

“चाला की. चालणं उत्तम.”

“मी चालतच होते,” मी म्हटलं.

माझा धाकटा भाऊ देवरूखला असतो. तो आणि वहिनी दुसऱ्याच दिवशी आले. भावानं माझा गळ्यात अडकवलेला हात पाहिला आणि खुर्ची ओढून समोर बसला. “ताई, आता पुरे. आयुष्यभर मुलींच्या मागे पळालीस, आता कुत्र्यांच्या मागे पळतेस.”

“मागे नाही, पुढे तो होता.”

वहिनी जास्त व्यवहारी आहे. ती म्हणाली, “वन्सं, जनावर हवंच असेल तर मासे सांभाळा. काचेतले. त्यांना फिरवावं लागत नाही.”

मी विचार करते म्हटलं. खरंच केला. माशांचा नाही, पण आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही, याचा. शाळेत नवी मुलगी आली की आम्ही पाहायचो, हिला पळता येतं का, हिचा दम टिकतो का, हिला दोरीवरच्या उड्या झेपतील का. ज्या मुलीला पळता येत नसे तिला मी घरी पाठवलं नव्हतं, लेझीमला उभं केलं होतं. तोच नियम मी स्वतःला लावला.

सगळ्यात अवघड होतं ते त्या लॅब्रॅडोरला नाही म्हणणं. त्याच्या मालकिणीला मी घरी बोलावून सांगितलं, “मला तो आवडतो, पण मला तो आवरत नाही.”

तिनं डोळ्याला पदर लावला. “आम्हालाही आवरत नाही हो बाई. तुम्ही होतात म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं.”

त्यानंतर मी मोठी आणि तरुण कुत्री घेणं बंद केलं. बाकीच्यांना माझ्याच घरी आणून सोडायला सांगितलं आणि त्यांच्यासाठी थोडी मांडामांड केली. खाण्याची भांडी जमिनीवर न ठेवता पालथ्या घमेल्यावर ठेवायची, म्हणजे मला कमी वाकावं लागतं, आणि कुत्र्यांनाही मान खाली घालावी लागत नाही. ते त्यांना आवडलेलं दिसलं. मांजराला गोळी द्यायची तर ती जेवणाच्या टेबलावर. मांजराला टेबलावर चढायला आयुष्यभर बंदी असते, त्यामुळे ते आनंदानं वर येतं आणि गोळी कधी गेली ते त्याला कळत नाही. पलंगाखाली गेलेला चेंडू मी आंब्याच्या झेल्यानं काढते. झाडावरचा आंबा देठासकट जाळीत पाडायची ती लांब काठी माझ्याकडे होती, आणि चेंडू आंब्यापेक्षा सोपा असतो, त्याला डाग पडत नाही. फिरवण्याऐवजी मी अंगणात खुर्ची टाकून बसते आणि लांब दोरीला बांधलेला कुत्रा माझ्याभोवती हिंडतो. पहिल्या दिवशी एकानं मला खुर्चीला गुंडाळून टाकलं. मग मी दोन्ही बाजूंना फिरणं शिकवलं. शाळेत त्याला उलट वळण म्हणत.

असं बरं चाललं होतं, तेव्हा मिस्त्रींचा फोन आला.

ते किल्ल्याच्या उतारावर राहायचे, खाली मिरकरवाड्याची जेटी दिसते तिथे. जन्मभर मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केलेली, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि ते कोल्हापूरला, कारण मुलाची सासुरवाडी तिथे होती आणि तिथले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. घरी कुत्रा होता.

मी आधी जनावर बघून येते, मगच हो म्हणते. रिक्षा वरपर्यंत जात नव्हती. जांभ्याच्या पायऱ्या होत्या, मी त्या एकेक करून, कठडा धरून चढले. मिस्त्री दारात उभे राहून पाहत होते. घाई करा म्हणाले नाहीत, सावकाश या असंही म्हणाले नाहीत. मला ते आवडलं.

कुत्रा ओटीवर पडला होता. गावठी, तांबूस, तोंड पांढरं झालेलं, एका डोळ्यावर सारा. मला पाहून त्यानं शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि काम झाल्यासारखी ठेवून दिली.

“वय काय?” मी विचारलं.

“बायको होती तेव्हा आला. पिल्लू नव्हता तेव्हाही.” मिस्त्री म्हणाले. “मागचे पाय गेलेत. ओटीवरनं अंगणात उतरायला दोन पायऱ्या आहेत. उतरतो कसाबसा, चढताना उचलावा लागतो.”

“मला उचलता येणार नाही,” मी म्हटलं. “खांदा निखळलेला आहे. वाकताही येत नाही.”

“मलाही येत नाय.”

“मग तुम्ही काय करता?”

“पायरीवर बसतो. तो खाली बसतो. कोणीतरी येतं.”

थोडा वेळ आम्ही तिघं बसलो. मग मी विचारलं, “हर्निया कशानं झाला?”

“याला उचलून.”

कुत्र्यानं मान दुसरीकडे केली. त्याला ऐकूही कमी यायचं, त्यामुळे तो योगायोग असावा.

मी मिस्त्रींना सांगितलं की पायऱ्यांवर फळी टाकून उतार केला तर मी येईन. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, येऊन बघून जा. त्यांनी जुन्या बोटीच्या फळ्यांचा रुंद उतार केला होता, वर गोणपाट ठोकलेलं, कडेला पट्टी, म्हणजे पाय बाहेर जायचा नाही. खालच्या घरातली शेजारीण, जी जेटीवर मासे विकायला बसते, ती आपल्या सुनेसह तिथे उभी होती. फळीचं उद्घाटन बघायला आली होती. कुत्रा फळीपाशी आला, तिचा वास घेतला, शेजारच्या पायरीकडे पाहिलं आणि खाली बसला.

“नाय जमायचा,” शेजारीण म्हणाली. “म्हाताऱ्याला नवीन काय चालत नाय.”

मी पंचा मागितला. तो कुत्र्याच्या पोटाखालून घेतला, दोन्ही टोकं वर धरली, म्हणजे मला वाकावं लागत नव्हतं आणि त्याच्या मागच्या पायांवर भार येत नव्हता. घसा खाकरून मी म्हटलं, “चल, एक साथ.” बऱ्याच वर्षांनी तो आवाज निघाला. कुत्रा उठला आणि फळीवरून वर गेला. शेजारणीची सून पाठ ताठ करून उभी राहिली. माझीच विद्यार्थिनी निघाली.

मिस्त्री कोल्हापूरला गेले आणि मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला लागले. रात्री शेजारणीचा नवरा ओटीवर झोपायचा. काम सोपं होतं. सकाळी शेजारीण बारीक पेडवे द्यायची, ते उकडून, काटे काढून भातात कालवायचे. दुपारी पंचा घेऊन अंगणात एक फेरी. मग मी खुर्चीवर आणि तो उन्हात. खाली जेटीवर बोटी लागायच्या, तेव्हा तो मान वर करून एकदा भुंकायचा. धड दिसत नव्हतं आणि धड ऐकू येत नव्हतं, तरी वेळ त्याला कळायची. मला वाटतं वासावरून.

मिस्त्री रोज दुपारी चारच्या सुमारास फोन करायचे. आधी विचारायचे, “जेवला?” मग, “उतरला?” मग फोन ठेवायचे. ऑपरेशन झालं त्या दिवशी त्यांचा आवाज खोल होता, पण प्रश्न तेच होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते झालं.

घराची जुनी शेणामातीची जमीन काढून मुलानं गुळगुळीत फरशी बसवून दिली होती. मुलांना आईबापांसाठी काहीतरी करायचं असतं, तेव्हा ती फरशी बसवतात. कुत्र्याच्या वाटेवर मी गोणपाटं अंथरली होती आणि तो शहाण्यासारखा त्यांवरूनच चालायचा. त्या दुपारी मी दार आतून कडी लावून बंद केलं होतं, कारण वारा सुटला होता आणि दार आपटत होतं. मी स्वयंपाकघरात ताट धूत असताना काही आवाज आला नाही. बाहेर येऊन पाहते तर कुत्रा गोणपाट सोडून भिंतीच्या कोपऱ्यात गेला होता आणि चारी पाय चार दिशांना पसरून फरशीवर सपाट पडला होता. केकाटला नव्हता. भिंतीकडे तोंड करून तो नुसता पडून होता.

मी उभ्यानं पंचा खाली सोडून पाहिला. पोटाखाली जाईना. झेल्यासारखं काही शोधलं, मिळालं नाही. खाली बसायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्यानं एकदा पुढचे पाय गोळा करायचा प्रयत्न केला, ते पुन्हा घसरले, आणि मग त्यानं प्रयत्न करणं सोडून दिलं. ते सोडून देणं मला बघवलं नाही.

मी प्लास्टिकची खुर्ची धरली आणि खाली बसले.

बसल्यावर काम पटकन झालं. पंचा घातला, त्याला ओढून गोणपाटावर आणला. पायाखाली खरखरीत लागताच त्यानं पाय नीट घेतले, एकदा माझ्या हाताला नाक लावलं आणि डोळे मिटून झोपी गेला. कुत्रे माणसाला संकटातून वाचवतात अशा गोष्टी आम्ही शाळेत मुलींना सांगायचो.

मग मी उठायला गेले. खुर्ची धरली तर ती फरशीवरून सरकत निघून गेली. गुडघ्यावर यायचा प्रयत्न केला, तर उजव्या गुडघ्यानं असं काही केलं की मी थोडा वेळ श्वास घेऊन बसले. भिंतीला पाठ लावून वर सरकायचं पाहिलं. हा व्यायाम मी मुलींकडून करवून घेत असे आणि ज्या मुली अर्ध्यात बसायच्या त्यांना पुन्हा करायला लावत असे. मी अर्ध्यात बसले. पुन्हा केलं नाही.

टेबलावर माझा फोन वाजायला लागला. चार वाजले होते.

तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी त्याच्याकडे पाहत होते. फोनपर्यंत मला सरकत जाता आलं असतं, पण टेबल उंच होतं. मला भीती वाटली नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. वाटली होती. मरायची नाही. भाऊ येईल, काही बोलणार नाही, आणि वहिनी माशांची काचेची पेटी घेऊन येईल, याची.

तेवढ्यात खिडकीत शेजारीण दिसली. मिस्त्रींनी तिला फोन केला होता, आणि तो तिनं तसाच कानाला धरला होता.

“अगो बाई!” ती म्हणाली. “खाली का बसलाव?”

“उठता येत नाही.”

“काय झाला?” फोनमधून मिस्त्रींचा आवाज आला. तिनं स्पीकर लावला आणि फोन गजांतून आत धरला.

“म्हातारा झोपलाय,” तिनं सांगितलं. “बाई बसल्यात.”

“त्याला काय लागलं?”

“नाय. पोट हलतंय.”

“आणि बाईंना?”

“मला काही झालेलं नाही,” मी मोठ्यानं म्हटलं. “फक्त उठायचं राहिलंय.”

शेजारणीनं दार ढकलून पाहिलं. आतून कडी. “घरातल्या बाप्यांना बोलावतंय,” ती म्हणाली. “दार तोडतील.”

“दार सागवानी आहे,” मिस्त्री म्हणाले.

“नको,” मीही म्हटलं. आम्हा दोघांचं एकदम झालं.

मग शेजारणीनं उपाय सुचवले. तिची सासू अशीच बसली होती तेव्हा तिला दोन सुनांनी काखेत धरून उठवलं होतं. मी म्हटलं, सुना बाहेर आहेत. मग ती म्हणाली, पालथ्या व्हा आणि रांगत्या मुलासारखं उठा. मी म्हटलं, रांगतं मूल गुडघ्यावर उठतं. मग ती म्हणाली, म्हाताऱ्याला धरा. आम्ही तिघांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी कोल्हापुरातून पाहिलं असावं, कारण तेही गप्प झाले.

मग ते म्हणाले, “बाई, स्वयंपाकघराचं दार दिसतंय?”

“दिसतंय.”

“स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली आहे. उतारावरचं घर, तसंच बांधलंय. काठावर जाऊन बसा आणि पाय खाली सोडा. मग ती खुर्चीच झाली. चौकट धरा, पक्की आहे. मी बसवलीय.”

मी इतका वेळ वर धरायला काय आहे ते शोधत होते. खाली उतरून उठता येईल हे डोक्यात आलंच नव्हतं. मी बसल्या बसल्या सरकत निघाले. ज्या फरशीवर कुत्रा घसरला होता तिच्यावर मी फार छान घसरले. मिस्त्रींच्या मुलानं बरी फरशी निवडली होती, हे तेव्हा मान्य करावं लागलं.

“कुठवर आल्यात?” मिस्त्री विचारत होते.

“अर्ध्यावर,” शेजारीण सांगत होती. “आता दम खातायत. आता पुन्हा निघाल्या. म्हाताऱ्याच्या शेपटीला वळसा घातला. आल्या, आल्या.”

शाळेच्या मैदानावर मी आंतरशालेय स्पर्धांचं निवेदन केलेलं आहे. इतकं नेटकं मला कधी जमलं नव्हतं.

काठावर पोचले. पाय खालच्या पायरीवर सोडले, दोन्ही हातांनी चौकट धरली. मनात एक, दोन, तीन म्हटलं. तीनला उठले नाही. पुन्हा म्हटलं. उठले. खिडकीत शेजारणीनं टाळ्या वाजवल्या, त्या नादात फोन आत पडला, आणि फरशीवरून मिस्त्रींचा आवाज आला, “काय पडला? बाई पडल्या?”

“फोन पडला,” मी म्हटलं. “मी उभी आहे.”

“बरं,” ते म्हणाले. “आता कडी काढा. आणि पुन्हा लावू नका.”

मी कडी काढली. शेजारीण आत आली आणि आधी मला, मग कुत्र्याला, मग कोल्हापूरच्या दिशेनं शिव्या दिल्या. मग तिनं चहा केला. कप तिनंच माझ्या तोंडाशी धरला. कुत्रा जेवायच्या वेळी उठला. घडलेल्या गोष्टीचं त्याला काहीच सोयरसुतक नव्हतं.

शेजारणीची बहीण देवरूखला दिलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. मी घरी पोचायच्या आत भावाचा फोन आला.

“ताई, पडलीस?”

“नाही. बसले होते.”

“मग?”

“मग उठले.”

त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “कशी उठलीस?” मी सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट. त्याचेही गुडघे दुखतात. तो म्हणाला, “आमच्या न्हाणीघराला एक पायरी आहे. एकीवर जमेल का?” मी म्हटलं, करून बघ, पण वहिनी घरात असताना. त्यानं मला काम सोड असं पुन्हा सांगितलं नाही.

मिस्त्री परत आले ते पोटाला पट्टा बांधून. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, उचलायचं नाही, वाकायचं नाही. माझं आणि त्यांचं पथ्य एकच निघालं. मुलगा त्यांना सोडून दोन दिवसांनी मुंबईला गेला. मी आता येऊ नये असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मी जात राहिले. पंच्याचं एक टोक ते धरायचे, एक मी. कुत्रा मधून चालायचा.

एके दिवशी गेले तर हॉलच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लोखंडी नळी बसवलेली, तिच्यावर हातभर अंतरावर दुसरी.

“कुत्र्यासाठी?” मी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “तो कसा धरेल?”

मी खाली बसून पाहिलं नाही. पण नळी धरून पाहिली. हलत नव्हती.

भातं कापून झाली त्या सुमाराला कुत्रा गेला. सकाळी उठला नाही, एवढंच. मिस्त्रींनी फोनवर नेहमीसारखं विचारलं, “निघालात?” मी हो म्हटल्यावर म्हणाले, “घाई नको. आज फिरवायचं नाय.” मी रिक्षात बसले तेव्हा मला ते समजलं.

पुरायचा कुठे, हा प्रश्न होता. तिथे सगळा कातळ, पहार मारली तरी ठिणगी उडते. परसात एका हापूसच्या कलमासाठी मिस्त्रींच्या बायकोनं कधीकाळी माती आणून टाकली होती, तिथे जागा होती. शेजारणीचा नवरा आणि त्याचा भाऊ खणायला आले. मिस्त्रींनी कुत्र्याला पंच्यात गुंडाळलं आणि उचलायला वाकले. मी म्हटलं, “मिस्त्री.” ते थांबले. पट्ट्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि शेजारणीच्या नवऱ्यानं कुत्र्याला उचललं. हर्निया होईपर्यंत इतकी वर्षं त्याला त्यांनीच उचललं होतं.  मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल इतकी. माझा तो दुखरा खांदा होता. मी सरकले नाही.

दिवाळी झाल्यावर मी एकदा त्यांच्याकडे गेले. आता काम नव्हतं, पण पायऱ्या चढायची सवय मोडू नये असं डॉक्टर म्हणाले होते. मिस्त्री म्हणाले, आता कुत्रा नको. पिल्लू आणलं तर ते आपल्यामागे उरेल, आणि त्याला मग कोण बघणार? मला ते पटलं. चहा घेऊन आम्ही बोटींकडे बघत बसलो.

पुढच्या वेळी गेले तर ओटीवर एक काळा कुत्रा बसला होता. एक कान फाटका, एका पायानं लंगडा. जेटीवर बर्फाच्या गाडीखाली झोपायचा, शेजारणीच्या पाठोपाठ वर आला, आणि मग खाली गेलाच नाही.

“याचं वय काय?” मी विचारलं.

“कोण सांगणार? जेटीवरचे म्हणतात म्हातारा असावा.”

कुत्र्यानं मला पाहिलं, उठला, फळीकडे ढुंकूनही न बघता दोन्ही पायऱ्या एका उडीत उतरला आणि माझ्या पिशवीतले पेडवे, जे मी घरी न्यायला घेतले होते, कागदासकट घेऊन अंगणाच्या टोकाला जाऊन बसला.

मिस्त्री त्याच्याकडे पाहत राहिले. “म्हातारा नसावा,” ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून घेतली आणि घरात एखादी लांब दोरी आहे का ते विचारलं.